दोनशे अकरा हिरवे गोल

"वाचता येत नाही असं म्हणतं कोण, स्वामीजी? हे बघा की!"

गुरुलिंगअप्पांनी मोबाइल विरूपाक्ष स्वामींच्या अगदी नाकासमोर धरला. पडद्यावर हिरवे गोल होते. एकाखाली एक, वाटाणे वाळत घातल्यासारखे.

"किती आहेत?"

"दोनशे अकरा. दोनशे अकरा धडे मोठ्यानं वाचून शाळेच्या ॲपवर पाठवलेत पोरीनं. एक लाल दाखवा."

"आणि शाळेत?"

अप्पांनी मोबाइल मागं घेतला.

शाळेतलं सांगायलाच तर ते मठात आले होते. आणि आले तेही गडबडीत. दारातल्या उंबऱ्याला नुकतंच सिमेंट केलेलं, त्यातच त्यांचा पाय गेला. मठातला ईरय्या "अहो, पाय! पाय!" करून ओरडला, तोवर पाच बोटांसकट टाच उमटली होती. मागून त्यांची शांभवी आली, ती मात्र उडी मारून आत.

शांभवी दहा वर्षांची. पाचवीत. आत्ता बापाशेजारी मांडी घालून फ्रॉकच्या पट्ट्याला गाठी मारत बसली होती. मारायची, सोडायची.

दोन वर्षांपूर्वी लातुरात डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, की पोरीची बुद्धी उत्तम आहे, पण छापलेली अक्षरं तिच्या डोक्यात चटकन बसत नाहीत. हिला वेगळ्या तऱ्हेनं, सावकाश शिकवावं लागेल. ती तऱ्हा ठाऊक असलेल्या एक पटवेकर बाई शाळेत होत्या. परातीत रवा पसरून त्यात बोटानं अक्षर काढायला लावायच्या. महिन्याला चार अक्षरं पक्की झाली तरी खूश व्हायच्या.

जूनमध्ये त्या बाई गेल्या.

"परीक्षेत कोरा पेपर ठेवून आली, स्वामीजी. वर्गातल्या बाई म्हणतात, घरी फडाफडा वाचतेस, मोबाइलवर सगळं हिरवं, आणि इथं नाटकं करतेस? बाकावर उभी केली. दोन तास. सगळ्या वर्गादेखत!"

स्वामींनी पोरीकडं पाहिलं. तिनं एक गाठ सोडली.

"परीक्षेत हिला अर्धा तास जादा मिळायचा, तोही बंद. मोबाइलवर लिहून आलं, 'विशेष साहाय्याची आवश्यकता नाही.' असं कसं नाही? आपण संस्थेचे अध्यक्ष. आपण एक चिठ्ठी दिली की पटवेकर बाई परत येतात. एवढ्यासाठी आलोय."

"घरी येतं आणि शाळेत येत नाही... असं का होत असेल?"

"भीती बसलीय. दुसरं काय! ॲप कशाला खोटं बोलेल? त्याला ना हिचा राग, ना लोभ."

स्वामी काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत की समोरचा बोलतच सुटतो. अप्पांचंही तसंच झालं.

आता अप्पा म्हणजे काही साधं प्रकरण नव्हे. सातवीत शाळा सुटली, पण भांड्यांचं दुकान असं चालवलं, की पातेल्यावर टिचकी मारून पत्र्याची जाडी सांगायचे. शाळेनं पालकांसाठी मोबाइलवरची ती पद्धत आणली, तेव्हा शिकलेसवरलेले बापसुद्धा गोंधळले. अप्पांनी चार दिवसांत तिची नाडी पकडली. धडा कुठं उघडतो, आवाज कसा भरायचा, अहवाल कुठं येतो, सगळं. बाकीचे पालक दुकानात विचारायला यायचे आणि जाताना एखादा डबा घेऊन जायचे. मार्चमध्ये शाळेनं त्यांना 'आदर्श पालक' म्हणून प्रशस्तिपत्र दिलं. दिलं ते स्वामींच्याच हातून. गल्ल्यामागं काचेत लावलंय.

"मला कोणी फसवू शकत नाही, स्वामीजी. ते कुकरचं तर आपल्याला ठाऊकच आहे."

"पुन्हा सांग. ईरय्यानं ऐकलं नसेल."

ईरय्यानं बारा वेळा ऐकलं होतं. तो थापी घेऊन मुकाट उंबऱ्यापाशी बसला.

"ऐंशी कुकर आले होते. खोक्याखोक्यावर चिकटपट्टी, 'तपासून पास'. मी एक उघडला, शिट्टी नाही. दुसरा उघडला, रिंग नाही. गाडीवाल्याला म्हटलं, बाबा, खाली उतरवूच नको, आलास तसा फिर. मग कंपनीचा माणूस आला धावत. काय म्हणाला असेल? म्हणाला, अप्पा, चिकटपट्ट्या खोक्यांना आधीच लागून येतात हो, आत बघायला वेळ कुणाला असतो!"

अप्पा मनापासून हसले. स्वामीही हसले.

मग स्वामींनी हात पुढं केला. "शांभवी, इकडं ये बाळ. माझ्याशेजारी बस."

ती येऊन बसली. आता तिचं तोंड दाराकडं झालं, आणि बापाकडंही. अप्पांची दाराला पाठ.

"त्या दारात दोरीला पाटी टांगलीय बघ. काय लिहिलंय तिच्यावर?"

अप्पांच्या जिवात जीव आला. तीस वर्षं ते या मठात येत होते आणि तीस वर्षं दारात तीच पाटी होती. ती काय, कुणीही सांगेल.

शांभवीनं पाटीकडं पाहिलं. मग बापाकडं पाहिलं.

अप्पांचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. आपण काही करतोय हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही, झोपेत कूस बदलावी तसं ते झालं.

"चपला बाहेर काढाव्यात," शांभवी म्हणाली. स्वच्छ, खणखणीत, एकही अक्षर न अडखळता.

"ऐकलंत?" अप्पा म्हणाले. "आता तुम्हीच सांगा!"

"अप्पा, मागं वळून बघ."

अप्पा वळले.

पाटी नवी होती. खडूनं लिहिलेली, अक्षर ईरय्याचं.

'उंबरा ओला आहे. जपून या.'

खाली सिमेंटात अप्पांचा पाय होता.

...

ईरय्या फिस्सकन हसला. मग त्यानं पोरीचं तोंड पाहिलं आणि थापी उचलून विहिरीकडं निघून गेला.

"पप्पा," शांभवी म्हणाली, "तुम्ही चपलाच म्हणालात ना?"

अप्पांनी मांडी बदलली.

"वाचता येत नाही असं म्हणतं कोण?" स्वामी हळू आवाजात म्हणाले. "वर्षभर वाचतेय की. तुझं तोंड."

"स्वामीजी, तसं नाही ते..."

"मग कसं?"

अप्पा म्हणजे माल फिरवून पाठवणारा माणूस. स्वतःवर वेळ आली तेव्हा गाडी कुठं उभी करावी हे त्यांना सुचेना.

"पहिल्या आठवड्यात मी कानात सांगायचो. एक ओळ वाचायला वीस मिनिटं लागायची हिला. घाम फुटायचा. पण ॲपनं धरलं, 'दुसरा आवाज आढळला' असं लिहून आलं. मग..."

"मग ओठ."

"मग ओठ. मोबाइलच्या मागं बसायचो. ही माझ्याकडं बघून बोलायची. लाल गोल आला की ही जेवायची नाही, स्वामीजी! बघवत नव्हतं."

"ही जेवायची नाही, की तू?"



"पप्पा जेवायचे नाहीत," शांभवी म्हणाली. चहाडी म्हणून नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

...

"दाखव," स्वामी म्हणाले. "धडा संपला की काय येतं?"

अप्पांनी मोबाइल उघडून जमिनीवर ठेवला. आजचा धडा अजून व्हायचा होता. त्यांनी जुना एक उघडला. शेवटी प्रश्न होता, 'हे वाचन कसे केले?' खाली दोन बटणं. डावीकडं 'मुलाने स्वतः', उजवीकडं 'पालकांच्या मदतीने'.

"उजवीकडचं दाबलं की काय होतं?"

"गोल पिवळा होतो. पिवळे वाढले की मग शाळेतून माणूस घरी येतो म्हणे. शिकवायला कुठं अडतंय ते बघायला."

"तू किती वेळा दाबलंस?"

अप्पांनी पडद्यावरची धूळ बोटानं पुसली.

"शांभवी, या बटणावर काय लिहिलंय गं?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "पप्पा डावीकडचं दाबतात."

"खोटं बोलावं असं मनात नव्हतं हो," अप्पा म्हणाले. "गिऱ्हाइकाला मी कधी खोटं सांगितलेलं नाही. कुणी समोर येऊन विचारलं असतं, तर सांगितलंच असतं ना खरं! तिथं कोण होतं? बटण होतं नुसतं. आणि पोरीचं चांगलंच दिसत होतं..."

"हो. चांगलंच दिसत होतं."

स्वामी उठले. गुडघ्यावर हात देऊन उठायला त्यांना वेळ लागला. कोनाड्यातून त्यांनी एक घडी केलेला कागद आणला आणि अप्पांच्या पुढ्यात टाकला.

संस्थेचा कागद. 'मदतीची गरज असलेल्या सातही विद्यार्थ्यांची प्रगती समाधानकारक असल्याने विशेष शिक्षिकेचे पद पुढे चालू ठेवण्याचे कारण उरत नाही.' खाली सही. विरूपाक्ष स्वामी, अध्यक्ष.

अप्पांनी कागद दोनदा वाचला.

"सातही... म्हणजे बाकीचे सहाजण पण?"

"मी विचारलं नाही. तू शिकवलंस का त्यांच्या बापांना?"

दुकानात आलेले बाप अप्पांना आठवले. ओठांची युक्ती त्यांनी हसत हसत सांगितली होती. तीन जणांना. चार जणांना. कुणाला सांगितली आणि कुणाला नाही, हे आता आठवेना.

"बाई जायच्या आदल्या दिवशी इथं आल्या होत्या," स्वामी म्हणाले. "तू बसलास तिथंच बसल्या. म्हणाल्या, माझ्यापाशी या मुलीला अजून 'क' आणि 'फ' वेगळे कळत नाहीत, आणि घरून रोज अख्खं पान येतं. यातलं एक काहीतरी खरं नाही. मी म्हटलं, बाई, तुमची नोकरी जातेय म्हणून तुम्हाला तसं वाटत असेल."

"तुम्ही... असं म्हणालात?"

"म्हणालो. मलाही हिरवं बघायला बरं वाटत होतं. मार्चमध्येच तर तुला हार घातला होता मी."

बाहेर ईरय्यानं विहिरीत बादली सोडली. रहाट करकरला.

"त्यांना परत बोलवा, स्वामीजी. पाया पडतो मी."

"धुळ्याला गेल्या. दुसऱ्या शाळेत. तिथं म्हणे अशी मुलं पुष्कळ आहेत. कागदावर तरी आहेत."

"मग दुसऱ्या बाई आणा! संस्थेला काय कमी आहे?"

"कुणासाठी आणू? तुझ्या मोबाइलमध्ये जी मुलगी आहे, तिला बाईची गरजच नाही. सरकारी तपासणीवाला विचारेल, दाखवा तुमची अडलेली मुलं. मी काय दाखवू? हा उंबरा?"

अप्पांनी डोकं खाली घातलं. मग एकदम मोबाइल उचलला. धंद्यात वाढलेला माणूस, हातावर हात ठेवून बसणं त्याला ठाऊक नाही.

"आजपासून मग! आजच. शांभवी, बस अशी. पप्पा काही करणार नाहीत. तू वाच."

त्यांनी आजचा धडा उघडला. चार ओळींची गोष्ट होती, कासवाची. ते मोबाइलच्या मागं बसले, नेहमीसारखे, आणि दोन्ही हातांनी आपलं तोंड झाकून घेतलं.

शांभवीनं पहिल्या ओळीकडं पाहिलं. बापाच्या हातांकडं पाहिलं. परत ओळीकडं.

"का..."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. ईरय्या बादली घेऊन आला, बघत उभा राहिला, आणि बादली खाली ठेवायची विसरला.

"फास... कास..."

अप्पांच्या बोटांआड त्यांचे ओठ हलत होते. ते त्यांना थांबवता येत नव्हते.

पोरीच्या कपाळावर घामाचे थेंब आले. फ्रॉकचा पट्टा तिच्या मुठीत पिळून गेला होता. पहिली ओळ संपली नाही. पडद्यावरचा वेळ मात्र संपला, आणि पांढऱ्या पडद्यावर तो प्रश्न आपसूक उगवला.

'हे वाचन कसे केले?'

शांभवीचं बोट डावीकडच्या बटणाकडं गेलं. सवयीनं. अप्पांनी तिचं मनगट धरलं.

धरलं, पण पुढं काय करायचं ते त्यांना कळेना. डावीकडचं दाबावं तर लाल गोल, आणि ती पुन्हा बाकावर उभी. उजवीकडचं दाबावं तर मदत तरी कुठं केली आज? आणि आधीचे दोनशे अकरा? ते शाळेला कोण सांगणार? उद्या दुकानात येऊन लोक काय बोलतील? काचेतल्या त्या कागदाचं काय? आणि एवढं सगळं करून, पटवेकर बाई तर धुळ्याला.

पोरगी बापाच्या तोंडाकडं बघत होती. तिथं काही लिहिलेलं मिळतंय का, ते शोधत.

"स्वामीजी," अप्पा म्हणाले, "कुठलं दाबू?"

स्वामी खाली बसले. 

"तिलाच विचार. पण विचारताना तिच्याकडं पाठ करून बस."