हरबाने वळलेला मानाचा चिरूट

एका गावात एक भोळा नवरा होता, आणि सकाळपासून त्याची बायको त्याला फैलावर घेत होती.

"अहो, याला चिरूट म्हणतात? मुसळ आहे हे मुसळ!" शेवंता म्हणाली.

"तूच म्हणालीस," हरबा म्हणाला. "घट्ट वळा, सुटता कामा नये. सुटलाय का?"

"सुटला नाही, पण ओढलाही जात नाही! देवाचा उष्टा नको म्हणून मुठीतून ओढून ओढून गाल आत गेले माझे. वारा जाईना त्यातून, धूर कुठनं येणार?"

"वाऱ्याचं तू काही बोलली नव्हतीस."

आता भांडण कशाचं, ते ऐका. त्या गावात भैरोबाच्या जत्रेला मानाचा चिरूट असे. पाटील देवापुढे बसून त्याचे तीन झुरके घ्यायचे आणि धूर देवापुढे सोडायचे. ज्या घरच्या चिरूटाचा धूर भरभरून निघेल, त्या घराला वर्षभर मान. नाही निघाला, तर मान दुसऱ्या घरी. चिरूट बायका वळत, झुरके पुरुष मारत, आणि मान घराण्याचा म्हणत. असो. शेवंताच्या घरी हा मान सात वर्षं टिकला होता, तो घराण्यामुळे नव्हे, तिच्या बोटांमुळे. पण जत्रेच्या आदल्या दिवशी तेलच्या तळताना तिचा उजवा हात भाजला. वर्षभर जपलेलं तंबाखूचं मोठं पान एकच होतं, ते हरबाच्या हाती गेलं. हरबाने चिरूट वळला, जात्याच्या तळीखाली ठेवला आणि वर स्वतः बसला. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसला. जेवलाही तिथंच.

आणि पलीकडच्या आळीत चंपाबाई आपला चिरूट ताटात घालून, ताटाला फुलं लावून, वाटच बघत होती.

"आता रडून काय होतंय!" शेवंता म्हणाली. "चांभाराकडून दाभण आणा. घट्ट झालं की मधोमध टोचायचं, आरपार. वारा खेळला पाहिजे."

हरबाने ते पाठ केलं. दाभण घेऊन परत येताना देवळापाशी सिदू ढोलवाला शेकोटीवर ढोल तापवत होता.

"ढोल लई घट्ट झाला रे आज," सिदू म्हणाला. "टणटण वाजतोय नुसता."

"थांबा," हरबा म्हणाला, आणि त्याने मधोमध टोचलं. या बाजूने टोचलं, मग त्या बाजूनेही टोचलं, कारण आरपार सांगितलं होतं. ढोल फुस्स झाला. सिदूने दाभण हिसकावून घेतली आणि दाभणीने जे करता येतं ते हरबाला करून दाखवलं.

हरबा मागचा भाग चोळत घरी आला. शेवंताने कपाळावर हात मारला. नेमका भाजलेला मारला, म्हणून आणखी चिडली.

"ढोलाला टोचतात का हो?"

"तूच म्हणालीस."

"अहो, टोचणं सगळीकडे चालत नाही! आधी हलक्या हातानं चाचपायचं, गाठ कुठं आहे ते शोधायचं, आणि तिथंच अंगठ्यानं दाबायचं. समजलं? जा, सिदूच्या पाया पडा आणि दाभण परत आणा."

हरबाने तेही पाठ केलं. सिदूच्या पाया पडला, दाभण घेतली. देवळाच्या पायरीवर म्हातारा गुरव बसला होता. त्याला आज आरती म्हणायची होती.

"हरबा, गळा कसा घट्ट धरलाय बघ सकाळपासून," गुरव म्हणाला.

"बघतो की," हरबा म्हणाला. हलक्या हाताने चाचपलं. गाठ सापडली. चांगली मोठी, वरखाली होणारी. "हीच ती!" म्हणत त्याने दोन्ही अंगठे लावले. गुरवाचे डोळे भैरोबाच्या डोळ्यांएवढे झाले. चार माणसांनी हरबाला ओढून काढलं, तेव्हा कुठे गुरवाच्या तोंडून कोंबडीएवढा आवाज आला.

"माणसाचा गळा दाबलात?" शेवंता किंचाळली.

"गाठ होती. तूच म्हणा—"

"गप्प! तिथं दाबून काय, टोक कापायचं टोक! टोक कापलं की तोंड मोकळं होतं. जा, शिंप्याकडून कात्री आणा."

पारावर पाटील नवे जोडे घालून कण्हत बसले होते. जोडे घट्ट होते. पुढचं सांगायला नकोच. एका जोड्याचं टोक कापून झालं, पाटलांचा अंगठा बाहेर आला, आणि दुसऱ्या जोड्याची लाथ हरबाला बसली.

"एकच कापू दिला," हरबाने घरी येऊन सांगितलं.

शेवंता खाली बसली. मग उठली. डाव्या हाताने तिने चिरूटाचं टोक छाटलं, दाभण जपून आत घातली, फिरवत फिरवत आरपार नेली. मुठीतून ओढून पाहिलं. वारा सुळकन आला. सात वर्षांचा मान वाचला, तिच्या जिवात जीव आला.

"मी लुगडं बदलून येते," ती म्हणाली. "तोवर मुठीतून ओढून बघा, कुठं अडकत तर नाही ना. आणि एक काम तरी शेवटपर्यंत करा, अर्ध्यावर सोडू नका. धूर देवापुढेच निघाला पाहिजे, लक्षात आहे ना?"

हरबाने सगळं पाठ केलं. पेटवू नका असं ती म्हणाली नव्हती.

शेवंता बाहेर आली तर नवरा नाही, चिरूटाचं ताटही नाही. ती धावत देवळात गेली. सारा गाव जमला होता. भैरोबापुढे हरबा उभा. गाल फुगलेले, डोळ्यांतून पाणी. ताटात मूठभर राख आणि नखाएवढं थोटूक.

"चिरूट कुठाय?" पाटलांनी विचारलं.

हरबाने तोंड उघडलं. जपून आणलेला शेवटचा झुरका भैरोबावर, पाटलांवर आणि नारळांवर पसरला.

"शेवटपर्यंत ओढला," तो खोकत म्हणाला. "कुठंही अडकला नाही. मुठीतूनच ओढला, उष्टा नाही केला."

"अगं बाई! मान आमचा!" चंपाबाईने आपलं ताट पुढे केलं. शेवंताने पदर तोंडात धरला. पाटलांनी चंपाबाईचा चिरूट पेटवला, एक झुरका घेतला आणि बोलून गेले, "बरा आहे. पण जरा घट्ट—"

हरबा पुढे सरकला. कमरेला खोचलेली दाभण एका हातात, कात्री दुसऱ्या हातात.

सिदू फाटक्या ढोलावर पालथा पडला. गुरवाने गळा झाकला. पाटलांनी मिशीची दोन्ही टोकं मुठीत धरली आणि ओरडले, "नाही, नाही! कुणाचंच काही घट्ट नाही! धूर निघाला, देवापुढे निघाला, गावानं पाहिला. मान शेवंताचाच! हरबा, खाली बस बाबा!"

हरबाने बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा अजून सकाळसारखाच होता.

"तूच म्हणा—"

"हो, मीच म्हणाले, आणि आता पुन्हा मीच म्हणते," शेवंता म्हणाली, "मुकाट घरी चला, आणि वाटेत जे जे घट्ट दिसेल ते घट्टच राहू द्या!"