रत्नाक्काचे केस

"केस कुठं संपतात, सांग."

इलाहीचाचांनी विचारलं. मी स्क्रीनवरच्या फोटोवर बोट ठेवलं. कपाळाच्या वर, कानाच्या मागं. इथं.

"नीट बघ."

"बघितलंय, चाचा. धंदाच आहे माझा."

खोटं नव्हतं. वाढदिवस, निवडणूक, श्रद्धांजली... गावातले निम्मे फ्लेक्स माझ्या हातचे. कुठल्याही पुढाऱ्याला गर्दीतून उचलून निळ्या आभाळावर उभा करतो, तोवर कपातला चहा निवत नाही.

माऊस धरायला मला चाचांनीच शिकवलं होतं, त्यांच्या याच फोटो स्टुडिओत. पुढं त्यांचं काम फार सावकाश वाटायला लागलं, म्हणून मी माझं दुकान टाकलं.

अक्कालाही तसंच झटकन उचललं होतं. माझी थोरली बहीण, रत्नाक्का. उद्या तिचा दहावा. धड असा एकच फोटो सापडला, मामेभावाच्या हळदीतला. मागची माणसं काढली, कडा गुळगुळीत केल्या, फ्रेम करून घरी नेला.

आईनं बघितला आणि भिंतीकडं तोंड करून ठेवला.

"ही माझी रत्ना न्हवं," ती म्हणाली. "हिचे केस कुणी बसवले?"

अक्काचे केस कधी बसलेच नाहीत. तेल चोपडा, वेणी घट्ट घाला, उंबऱ्यापर्यंत जाईतो डोक्याभोवती सगळे उभे. मी तिला कापसाचं बोंड म्हणायचो. ती चप्पल फेकायची.

तोच फोटो घेऊन मी चाचांकडं आलो होतो.

"काय केलंस या केसांचं?" चाचांनी विचारलं.

"कापले. त्यांच्यात मागचा रंग येत होता. घाण दिसत होतं."

चाचांनी मूळ फोटो उघडला, त्याची एक काळी-पांढरी नक्कल केली आणि माऊस माझ्याकडं सरकवला.

"केसाला हात लावायचा नाही."

"मग ते वेगळे कसे होणार?"

"मागचं उजळ."

"अहो, पण मला केस..."

"सिदू. मागचं उजळ."

रागानंच सुरुवात केली. मांडव फिका झाला. माणसं फिकी झाली. पांढरं होत गेलं सगळं, पहाटेसारखं, हळूहळू...

आणि केस यायला लागले.

मी न आखलेले, न काढलेले. एकेक. कानाजवळची बट. भांगाशेजारचे तुटके. मानेवरचे, जे जन्मभर सोबत राहून मला दिसले नव्हते. मी कशालाच हात लावत नव्हतो आणि अक्का तिच्या सगळ्या केसांनिशी पुढं येत होती.

माझा हात थांबला. श्वास सोडायची भीती वाटली. सोडला तर ते हलतील, असं वाटलं.

"आता सांग. कुठं संपतात?"

मी बोट उचललं, पण ते टेकवायला जागा सापडेना.

चाचांनी अक्काचे रंग परत आणले, मागं साधा पांढरा टाकला आणि फोटो मोठा केला. अजून मोठा. केसांच्या टोकांशी, जिथं ते दोऱ्याहून बारीक होते, तिथं लाल झाक उरली होती.

"हे लाल कुठलं?"

"माझा सदरा. मी मागं उभा होतो. तिची वेणी ओढत..."

बाहेर काउंटरवर कुणीतरी पासपोर्ट फोटोसाठी हाका मारत होतं. चाचांनी मान वळवली नाही.

मी बाहीनं डोळे पुसले.

"एवढंच राहिलंय, चाचा. कसं घालवायचं ते सांगा. काढून टाकतो."

चाचांनी माऊसवरचा माझा हात धरला... आणि बाजूला ठेवला.

"ती गेली, बेटा. तू कशाला निघतोस तिथनं?"