निळ्या पेडलचा तिसरा नॉब

"मास्तर, रूबेनकडे होतं ते पेडल नेमकं कुठलं?"

प्रणीतने चपला काढता काढताच विचारलं.

शमूमास्तर ओट्याशी उभे होते. गॅसवर पातेलं होतं, पातेल्यात पाणी आणि पाण्यात गिटारच्या जुन्या तारा. मळलेल्या तारा उकळून घेतल्या की आणखी महिनाभर वाजतात, असं ते चाळीस वर्षं शिष्यांना सांगत आले होते.

"फळीवर आहे," ते म्हणाले. "बघ की."

प्रणीतने फळीकडे पाहिलं नाही. फळी त्याला पाठ होती. डावीकडे ताल मोजायचा, बंद पडलेला मेट्रोनोम. उजवीकडे त्याने स्वतः नाताळात मास्तरांना दिलेला, तारा सुरात लावायचा ट्यूनर. दोन्हींवर धूळ होती. मधलं पेडल मात्र पुसलेलं होतं.

नेहमीच पुसलेलं असायचं.

रूबेन हा मास्तरांचा मुलगा. गिटारही त्यांच्याकडेच शिकला. प्रणीत आणि तो एकाच वर्षी, एकाच सतरंजीवर बसले होते. येत्या रविवारी रूबेनला जाऊन वर्ष होणार होतं.

"नाव कशाला हवंय?" मास्तरांनी विचारलं.

"त्याच्याहून एक पायरी वरचं घ्यायचंय."

"घे."

"पण बजेटमध्ये."

"म्हणजे त्याच्याहून चांगलं, आणि त्याच्याहून स्वस्त?"

"हो."

"दुकानदार काय म्हणाला?"

"…हसला."

मास्तरही हसले असावेत. पाठ वळलेली असल्यामुळे दिसलं नाही.

प्रणीतने पिशवीतून खोका काढला. आत नवं पेडल, मुठीएवढी निळी डबी. अशी डबी गिटार आणि स्पीकर यांच्यामध्ये जोडतात. आपण एक सूर वाजवला की ती तो जरा थांबून परत ऐकवते. मग पुन्हा, आणखी हळू. मग पुन्हा.

"स्वस्तातलं आहे," तो म्हणाला. "आठ दिवसांत आवडलं नाही तर परत घेईन म्हणालाय. आज सातवा. म्हणून तुमच्याकडे आलो."

"रविवारी वाजवणार आहेस?"

"स्मरणसभेत. चर्चच्या पोरांनी विचारलं. रूबेनची संध्याकाळची धून वाजव म्हणाले."

"मग फळीवरचं ने. दिवस तर त्याचाच आहे."

"ते नको."

"का?"

"मग लोक म्हणतील, काय सुंदर वाजलं… रूबेनचं पेडल होतं ना!"

मास्तरांनी चिमट्याने एक तार वर काढली, उजेडात धरून पाहिली आणि पुन्हा पाण्यात सोडली.

"लाव," ते म्हणाले.

प्रणीतने गिटार काढली. पेडलमधून कोपऱ्यातल्या स्पीकरला वायर जोडली, अडॅप्टर लावला आणि अंगठ्याने पेडल दाबलं. रूबेनची धून वाजवली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही चूक न करता. रूबेन जिथे थांबायचा तिथे तो थांबला नाही. त्या जागी त्याने स्वतःच्या चार जलद ताना घातल्या. त्या ताना एकावर एक परत येत राहिल्या आणि खोली भरून गेली.

शेवटचा सूर विरला.

"कसं वाटलं?"

"अजून दहा मिनिटं लागतील," मास्तर पातेल्यात बघत म्हणाले.

"मी पेडलचं विचारतोय."

"पेडल बरं आहे."

"आणि मी? मास्तर, एकदाच सांगा. खरं सांगा. मी बरा की रूबेन?"

"तू," मास्तर म्हणाले.

इतक्या चटकन उत्तर येईल असं प्रणीतला वाटलं नव्हतं. तो गोंधळला.

"खरंच?"

"खरंच."

"कशात?"

"डावा हात. तुझा जास्त स्वच्छ आहे. पहिल्यापासून."

प्रणीत म्हणाला, "मला बरं वाटावं म्हणून म्हणताय."

"बरं. मग रूबेन."

प्रणीतचं तोंड उतरलं.

"दोन्ही उत्तरं दिली, बाबा," मास्तर म्हणाले. "तू एकही घेतलं नाहीस."

"कसं घेऊ?" प्रणीतचा आवाज चढला. "वीस वर्षं बघतोय. त्याची गिटार तुम्ही स्वतः सुरात लावून द्यायचात. मी पुढे केली की म्हणायचात, तुला कान आहेत ना, तुझी तू लाव."

"होतेच की तुला कान."

"त्याचं चुकलं की हसायचात. माझं चुकलं की परत वाजवायला लावायचात. शंभरदा! आता तो नाही. वर्ष होत आलं. मी कुठेही वाजवलं की कोणीतरी म्हातारा डोळे पुसत येतो आणि मला सांगतो, रूबेनची आठवण आली. माझं कोणी ऐकतच नाही. जिवंत होता तेव्हा निदान एखाद दिवशी तो वाईट तरी वाजवायचा!"

मास्तरांनी गॅस बारीक केला. पंच्याला हात पुसले. हळूहळू येऊन ते सतरंजीवर बसले, गुडघ्यावर हात टेकत, दोन टप्प्यांत.

"हे काय?" त्यांनी निळ्या डबीवर बोट ठेवलं.

"तीन नॉब आहेत. पहिल्याने सूर किती वेळाने परत यायचा ते ठरतं. दुसऱ्याने किती मोठा. तिसऱ्याने किती वेळा."

"एक सूर वाजव. एकच."

प्रणीतने एक सूर वाजवला.

मास्तरांनी तिसरा नॉब पकडला आणि जाईल तेवढा फिरवला.

सूर परत आला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तो लहान होऊन नाही, मोठा होऊन. चौथा त्याच्याहून मोठा. मग मोजता येईनात. एकात एक मिसळून त्यांचा एकच आवाज झाला आणि तो चढत गेला.

प्रणीतने तारांवर तळहात ठेवला. काही उपयोग झाला नाही.

त्याने गिटारची वायर उपटली आणि गिटार बाजूला ठेवली. आवाज तसाच. स्पीकर थरथरू लागला. फळीवरचा ट्यूनर थरथरत कडेकडे सरकला.

भिंतीपलीकडून शेजारच्या सगुणाबाई ओरडल्या, "अहो मास्तर, कुकर फुटला का काय!"

"नाही, बाई! शिकवणी चालू आहे!"

प्रणीत पेडलकडे झेपावला. मास्तरांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्या बोटांत अजून चांगलाच जोर होता.

"कोण वाजवतंय?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"कोण वाजवतंय?"

"कोणीच नाही! गिटार तर ती तिथे आहे!"

"रूबेन वाजवतोय?"

"नाही!"

"मग सूर कोणाचा?"

प्रणीतने डोळे मिटून घेतले.

"माझाच आहे, मास्तर! मघाचा!"

मास्तरांनी मनगट सोडलं नाही. आवाज चढतच होता. प्रणीत काहीतरी बोलत होता, ते त्याचं त्यालाही ऐकू येत नव्हतं. ऐकू येत नव्हतं म्हणूनच बहुधा तो बोलत होता. ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या.

मास्तरांचा दुसरा हात नॉबवर होता. त्यांनी तो मागे फिरवायला सुरुवात केली.

"…आणि त्याला माती देताना मला वाटलं," खोली अचानक शांत झाली तेव्हा प्रणीत ओरडत होता, "आता पहिला मी!"

सगुणाबाईंकडे कोणीतरी भांडं खाली ठेवलं. तेही ऐकू आलं.

प्रणीतने खाली पाहिलं.

निळ्या डबीतून तो एक सूर अजून येत होता. हळू. थांबून थांबून.

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "मूठभर माती टाकलीस तेव्हा तू खड्ड्याकडे बघत नव्हतास. माझ्याकडे बघत होतास."

"तुम्हाला दिसलं होतं?"

"मीही तुझ्याकडेच बघत होतो. आता कोण उरलं, ते."

पातेल्यातलं पाणी आटत आलं होतं. तारा तळाशी वाजू लागल्या. मास्तर उठले नाहीत.

सूर पुन्हा आला. मघापेक्षा लहान.

प्रणीतचे खांदे हलत होते. बऱ्याच वेळाने त्याने बाहीने नाक पुसलं.

"मास्तर… तो नॉब शून्यावर आणा. पार बंद करा. नको वाटतंय ऐकायला."

मास्तरांचं बोट अजून नॉबवरच होतं. नॉब मध्यावर उभा होता. त्यांनी तो पुढे नेला नाही की मागे नेला नाही. एकदा त्यांची नजर फळीकडे गेली, पुसलेल्या पेडलवर थोडी थांबली आणि परत आली.

"पार बंद करायचं," ते म्हणाले, "तर पेडल कशाला घेतलंस?"