तिरकूचा चुण्यांचा घेर

एक होता ओढा. ओढ्याकाठी होतं बीळ. बिळात राहायचा तिरकू खेकडा.

एकदा काय झालं, ओढ्यातून एक फडकं वाहत आलं. लाल-हिरव्या चौकड्यांचं. तिरकूने ते वाळवलं. त्याला चुण्या घातल्या. चार चुण्या इकडे, चार चुण्या तिकडे, पुढे मात्र अगदी सपाट. झाला घेर तयार!

आज बेडकीच्या पिल्लांच्या शेपट्या गळल्या होत्या. पिल्लं मोठी झाली! म्हणून चिंचेखाली सगळ्यांचा फेर होता. घेर नेसून फेरात नाचायचं, असं तिरकूने ठरवलं होतं.

त्याने घेर कमरेला गुंडाळला. खेकड्याला कंबर कुठली, असं विचारू नका. होती. वरून नाडा बांधला. गाठ घट्ट हवी ना? म्हणून नांगीने ओढली.

कच्!

नाडा तुटला. आणि घेर? सुळ्ळकन खाली!

"अगं आई गं!" तिरकूला रडूच आलं.

मग त्याने एका नांगीने घेर धरला आणि निघाला. तिरप तिरप, टुकुटुकु.

झाडावर शिंपीणताई बसली होती. पानं शिवणारं पाखरू ते. तिरकू म्हणाला,

"शिंपीणताई, शिंपीणताई,
घेर राहीना.
फेरात नाचू कसा?
नाडा वळून देतेस का?"

"देईन की! पण सूत कुठंय? जाळं विणणाऱ्या कोळीणमावशीने सूत दिलं, तरच नाडा."

तिरकू निघाला. तिरप तिरप, टुकुटुकु.

"कोळीणमावशी, कोळीणमावशी,
नाडा वळेना, घेर राहीना.
फेरात नाचू कसा?
सूत कातून देतेस का?"

"देईन की! पण माझं सूत चिकट. नेसशील आणि चिकटून बसशील! कपाशीकाकूने कापूस दिला, तरच सूत."

तिरकू निघाला. तिरप तिरप, टुकुटुकु.

"कपाशीकाकू, कपाशीकाकू,
सूत निघेना, नाडा वळेना, घेर राहीना.
फेरात नाचू कसा?
कापूस देतेस का?"

"देईन की! पण बोंड फुटतंय कुठे? मला तहान लागलीय बाळा. ओढेदादाने पाणी दिलं, तरच कापूस."

लांबून ढोलकी वाजायला लागली. डुबुक डुबुक. तिरकू आणखी भरभर निघाला. तिरप तिरप, टुकुटुकु, टुकुटुकु!

"ओढेदादा, ओढेदादा,
बोंड फुटेना, सूत निघेना, नाडा वळेना, घेर राहीना.
फेरात नाचू कसा?
पाणी देतोस का?"

"देईन की! पण ही बघ म्हैस. माझ्या वाटेतच बसलीय, ऐसपैस! ती उठली, तरच पाणी."

खरंच की. काळीभोर म्हैस मजेत रवंथ करत होती. चवडचवड, चवडचवड.

"म्हैसआत्या, म्हैसआत्या,
ओढा वाहेना, बोंड फुटेना, सूत निघेना, नाडा वळेना, घेर राहीना.
फेरात नाचू कसा?
जरा उठतेस का?"

"उठेन की! पण पाठीला अशी खाज सुटलीय म्हणून सांगू! कोणी खाजवलं, तरच उठेन."

तिरकू तिच्या पाठीवर चढला. एका नांगीने खाजवू लागला. खर्र.

"एका नांगीने काय होतंय? दोन्ही लाव!"

दोन्ही? मग घेर कोण धरणार? काठावर तर बेडकीची पिल्लं बसली होती. टकामका बघत होती.

डुबुक डुबुक. ढोलकी वाजतच होती.

तिरकूने डोळे मिटले. घेर सोडून दिला. सुळ्ळकन खाली! पिल्लं हसली, खी खी खी! तिरकूला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली! पण तो थांबला नाही. दोन्ही नांग्यांनी खाजवलं. खर्र खर्र, खर्र खर्र!

"आहाहा!" म्हैसआत्या म्हणाली. आणि उठली.

म्हैस उठली, ओढा वाहिला. खळखळ खळखळ!
ओढा वाहिला, बोंड फुटलं. फट्!
बोंड फुटलं, सूत निघालं. सर्र सर्र!
सूत निघालं, नाडा वळला. पिळपीळ पिळपीळ!

"आण इकडे घेर," शिंपीणताई म्हणाली. "आणि हो, नांग्या वर! गाठीला हात लावायचा नाही."

तिरकूने नांग्या वर केल्या. ताईने नाडा बांधला. चोचीने गाठ मारली. एक गाठ, वर दुसरी गाठ.

तिरकू पळाला चिंचेखाली. तिरप तिरप, टुकुटुकु!

फेर धरला होता खरा, पण नुसता गोंधळ. पिल्लं आडवी चालायला जात आणि धपकन पडत. एक पडलं की सगळी पडत. फेरात तर आडवंच चालायचं असतं ना! आणि आडवं चालायला तिरकूला कोणी शिकवायला हवं?

"धरा माझी नांगी," तिरकू म्हणाला. "हळूच धरा हं. हे बघा, असं. तिरप तिरप, टुकुटुकु!"

एका पिल्लाने एक नांगी धरली. दुसऱ्याने दुसरी. मघाशी हसलेली तीच ती पिल्लं.

डुबुक डुबुक! फेर फिरला गोल गोल. चुण्या फुलल्या गर्र गर्र. आता घेर धरायला तिरकूची एकही नांगी मोकळी नव्हती.

आणि घेर?

राहिला! जिथल्या तिथे राहिला!

गोष्ट गुंडाळली, गाठ मारली,
ज्याने ऐकली, त्याने टाळी दिली!