धरून ठेवलेलं पॅकेज

"...मग बळजबरीनं बसवू का सर, की सगळं पुसून नव्यानं?"

सुधन्वा गर्गे विचारत होता. तालुक्याच्या रक्तपेढीतले सगळे संगणक तोच सांभाळायचा. सकाळपासून तो मुख्य संगणकावर लिनक्स या प्रणालीची नवी आवृत्ती चढवत होता आणि ती अर्ध्यात अडली होती. पिशव्यांवरची लेबलं छापणं बंद पडलं होतं. बाहेर तंत्रज्ञ शमशादबाई प्रत्येक पिशवीवर रक्तगट हातानं लिहीत होत्या आणि दुसऱ्या तंत्रज्ञाकडून दोनदा तपासून घेत होत्या. बारा वाजता शेजारच्या दवाखान्यात ऑपरेशन होतं.

खतीब सरांनी त्याला तंत्रनिकेतनात शिकवलं होतं. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. फोन आला तसे ते चालत आले होते.

"काय काय केलंस?"

"इंटरनेटवर जेवढे उपाय आहेत, तेवढे सगळे. प्रोग्राम बसवणाऱ्या या पॅकेज मॅनेजरला अक्कलच नाही, सर. नुसता अडून बसतो. जिल्ह्यात माझ्याइतकं लिनक्स कोणाला येत नाही, आणि हा मला नाही म्हणतो."

सरांनी त्याच्यासमोरचा कीबोर्ड उचलला, वायर काढली आणि खिडकीत नेऊन ठेवला.

मग पडद्याकडे बोट केलं.

"वाच."

"वाचलंय, सर. एका पॅकेजला दुसरं लागतं, दुसऱ्याला..."

"हे तुझं झालं. पडद्यावरचं वाच. मराठीत."

सुधन्वानं सुस्कारा सोडला.

"लेबलांच्या प्रोग्रामला नवा डेटाबेस लागतो. पण तो बसणार नाही."

"पुढे."

"पुढची ओळ नेहमीचीच असते, सर. ती कोणी वाचत नाही."

"वाच."

"तुम्ही... मोडकी पॅकेजेस धरून ठेवली आहेत."

"कोणी?"

"मशीननं."

"असं लिहिलंय?"

सुधन्वा पुढे वाकला. ती ओळ त्यानं बोट ठेवून पुन्हा वाचली.

"नाही. 'तुम्ही' लिहिलंय."

सरांनी कीबोर्ड परत आणून जोडला.

"धरलेल्यांची यादी काढ."

यादीत एकच नाव होतं. डेटाबेसचं.

"आता कोणी धरलं ते बघ."

जुन्या नोंदींमध्ये धरून ठेवायची आज्ञा सापडली. दोन वर्षांपूर्वीची, दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली. पुढे नाव होतं, सुधन्वा.

त्याला आठवलं. तेव्हा एका अपडेटनं लेबलं छापणं असंच बंद पडलं होतं. त्यानं डेटाबेसची जुनी आवृत्ती परत बसवली आणि मशीनला बजावलं, मी सांगेपर्यंत ही हलवायची नाही. तासाभरात काम सुरू झालं होतं. रक्तपेढीच्या डॉक्टरांनी शाल घालून सत्कार केला होता. तो फोटो अजून पॅसेजमध्ये होता.

"त्या कामाचा मला फार अभिमान... अजूनही सगळ्यांना सांगतो मी ते."

"धरलेलं सोडायचं राहिलं," सर म्हणाले.

सुधन्वानं आधी रक्तपेढीच्या सगळ्या नोंदींची प्रत काढून बाजूला ठेवली. मग डेटाबेस न हलवण्याचा तो हुकूम मागे घेतला. लगेच सुरू न करता आधी नुसती चाचणी घेतली. तीत दिसलं, काहीच काढून टाकलं जाणार नव्हतं. मग त्यानं एंटर दाबलं. ओळी सरकत होत्या आणि तो एकेक वाचत होता. कोणी सांगितलं नव्हतं तरी.

अकरा वीसला पहिलं लेबल बाहेर आलं. शमशादबाईंनी ते वहीतल्या नोंदीशी ताडून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पिशवीवर चिकटवलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

सुधन्वा ताठ बसला. चेहऱ्यावर तोच जुना अभिमान आला. मग तो हळूहळू ओसरला.

"म्हणजे सर, मशीन मला नाही म्हणतच नव्हतं. दोन वर्षं माझंच ऐकत होतं..."

सर दाराशी चपला घालत होते.

"पस्तीस वर्षं शिकवलं मी. इतकं ऐकणारा एकही भेटला नाही."