मंदाकिनीच्या गाडीतला संडास

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून सासूबाईंनी प्रवास सोडला होता. वाटेत संडासाची सोय नसते, म्हणून मालवणच्या बहिणीची भेटही राहिली होती. शेवटी मंदाकिनीने एक जुनी व्हॅन घेतली. तिच्यात मऊ आसनं, छोटा ओटा आणि मागे कमोडची खोली बसवून घेतली.

निघायच्या दिवशी थोरले दीर आप्पासाहेब दारात आडवे उभे राहिले. सोवळंओवळं कडक, आणि घरात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे.

"ओट्यापासून दोन हातांवर संडास? अन्न शिजायचं कुठं आणि हे कुठं! आई या गाडीत बसणार नाही."

सासूबाईंनी पायरीवरचा पाय मागे घेतला.

"चुकलं असेल, भाऊजी," मंदाकिनी नम्रपणे म्हणाली. "मी आपली देवाची नक्कल केली. त्यानं दोन्ही सोयी माणसाच्या एकाच पोटात बसवल्या, तुमच्यासुद्धा. मी निदान मधे दार तरी लावलंय."

आप्पासाहेबांचा हात नकळत पोटावर गेला.

सासूबाईंना हसू आवरेना. सुनेचा खांदा धरून त्या गाडीत चढल्या आणि आतून ओरडल्या, "आप्पा, तू दार बसवून घे, मग ये मागून!"