आठ व्हॉल्व्ह, आठ जागा

१७ जानेवारी. सकाळपासून बोचरा वारा, आभाळ स्वच्छ.

सभापती रंगरावांच्या जीपचं इंजिन इनूसचाचांनी आपल्या गॅरेजात खोललं होतं. आठही व्हॉल्व्हवरचा कार्बन खरवडून, प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्याच जागेवर घासून बसता केला होता, आणि अदलाबदल होऊ नये म्हणून नंबर टाकलेल्या पुठ्ठ्यात ओळीनं खोचला होता.

चार वाजता सभापती आले.

"मिस्त्री, अजून नंबरच बघतोस? सगळे सारखेच दिसतात. कुठलाही कुठंही घाल, पण तासाभरात गाडी दे. नाहीतर ओढून सांगलीला नेतो आणि तालुकाभर तुझं नाव खराब करतो!"

गाडी गेली तर तीस वर्षांचं नाव जाणार होतं. घाई केली तर तेच इंजिन आठवड्यात दम सोडणार होतं.

चाचांनी तोंडातली कवळी काढली, धुतली आणि पुढं केली. बोळक्या तोंडानं म्हणाले, "साहेब, तुमचीबी कवळीच. दात सारखेच दिसतात. ही लावून उसाचं एक कांडं खाऊन दाखवा. मग मी कुठलाबी व्हॉल्व्ह कुठंबी बसवतो."

सभापतींनी तोंड घट्ट मिटलं.

आठही व्हॉल्व्ह आपापल्या जागी बसवून झाले, आणि जीप दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला गॅरेजातच सुरू झाली.